‘इतर’च्या रकान्यातल्या सोनवणेबाई

माझा जन्म सदाशिव पेठेतला. त्यामुळे टोमणा ओळखायला, झेलायला आणि वेळ पडली तर परत करायला आपल्याला कुणी शिकवायची गरज नाही, असा वयाच्या चौतिसाव्या वर्षापर्यंत माझा समज होता. तो हडपसरच्या एका बाईंनी तीन मिनिटांत मोडीत काढला. तोही माझ्याच पेठेत, माझ्याच ऑफिसात, मी फळ्यासमोर खडू घेऊन उभा असताना.

तेव्हा मी आयटी कंपनीतली नोकरी सोडून एका छोट्या संस्थेत नुकताच लागलो होतो. संस्थेचं काम साधं होतं. अंथरुणाला खिळलेल्या, म्हाताऱ्या, जुन्या दुखण्यांच्या माणसांच्या घरी त्यांच्याच वस्तीतल्या बायका जायच्या. बीपी आणि साखर बघायच्या, जखमा धुवायच्या, घरच्यांना काय करायचं ते शिकवायच्या आणि केलेलं सगळं रजिस्टरात लिहायच्या. रजिस्टरं जाडजूड होती आणि महिनाअखेर ती सदाशिव पेठेतल्या दुसऱ्या मजल्यावर चढवताना बायकांचं स्वतःचं बीपी वाढायचं. म्हणून मला नेमलं. मी टॅबवर चालणारं ॲप बनवलं होतं आणि ते कसं वापरायचं हे चौदा जणींना शिकवणार होतो.

शिकवत होतो. ‘कूस बदलली: हो किंवा नाही’ या प्रश्नापाशी आलो, तेव्हा दुसऱ्या रांगेतून हात वर झाला. बारीक चणीच्या, पन्नाशी ओलांडलेल्या बाई. अंगावर नेटकी पिन केलेली साडी आणि पायात पुरुषी स्पोर्ट्स शूज.

“सर, एक विचारू का?”

“विचारा ना.”

“तुम्ही कधी कुणाची कूस बदललीय?”

मी नाही म्हणालो.

“वाटलंच. नाही म्हणजे, प्रश्न चांगला आहे हं. फक्त डावी की उजवी ते नाही विचारलंत. घरचे रोज उजव्याच अंगावर झोपवणार, आम्ही रोज ‘हो’ भरणार, आणि महिन्याभरात उजव्या खुब्याला एवढी जखम. पण तुमच्याकडे सगळं ‘हो’ असेल. छान दिसेल.”

वर्ग हसला. मीही हसलो. त्या संध्याकाळी बसून मी तो प्रश्न ‘डावी, उजवी, सरळ’ असा केला. या सोनवणेबाई.

संस्थेनं या बायकांना अधिकृत नाव दिलं होतं ‘काळजीवाहक’. गळ्यातल्या ओळखपत्रावर तसं छापलेलं होतं. सोनवणेबाईंना ते नाव अजिबात पसंत नव्हतं. “काळजीवाहू सरकार असतं ना, पुढचं येईपर्यंत चालवून घ्यायचं, तसं वाटतं,” असं त्या म्हणत. घरोघरी स्वतःची ओळख करून देताना त्या सरळ सांगत, “मी सोनवणे. बघायला आलेय.” कुणाला, कशाला, हे त्या सांगत नसत. बघायला म्हटलं की घरातली मुलगी लाजून आत पळाल्याची एक हकिकत त्या रंगवून सांगायच्या, ती खरी होती की नाही देव जाणे.

टॅबला त्या पाटी म्हणत. “पाटी चार्ज झाली का?” “पाटीनं आज मान टाकली.” महिन्याभरात चौदाही जणी पाटीच म्हणायला लागल्या आणि वर्षभरात मीसुद्धा. एकदा मी निधी देणाऱ्या कंपनीला पत्र लिहिताना ‘आणखी चार पाट्या हव्यात’ असं लिहिलं. तिकडून उत्तर आलं की स्टेशनरीचा खर्च संस्थेनंच करायचा आहे.

पाटीशी त्यांचं पहिलं भांडण बोटावरून झालं. ॲप उघडायला अंगठ्याचा ठसा लागायचा. तेरा जणींचे ठसे घेतले, सोनवणेबाईंचा काही केल्या उमटेना. दहाही बोटं लावून झाली. त्यांनी बोटं माझ्यासमोर धरली आणि म्हणाल्या, “अहो सर, यावरच्या रेघा आता मगरपट्ट्यातल्या लोकांच्या कढयांवर आहेत. बावीस वर्षं भांडी घासलीत मी. तिकडून मागवा.” मग त्यांच्यासाठी पासवर्ड ठेवला. त्यात एक आकडा, एक चिन्ह, एक मोठं अक्षर पाहिजे असं मी सांगितलं. त्यांनी विचार करून, माझ्याकडे पाठ करून तो टाकला. पुढे दोनदा पाटी बिघडली, तेव्हा मी पासवर्ड विचारला. दोन्ही वेळा त्यांनी पाटी माझ्या हातून घेतली, पाठ केली, पासवर्ड टाकला आणि पाटी परत दिली.

त्यांच्याबरोबर मी काही दिवस वस्तीत हिंडलो. ॲप कसं चालतं ते बघायला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. खरं म्हणजे मॅडमनी पाठवलं होतं. मॅडम म्हणजे संस्थेच्या प्रमुख, एका मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या मेट्रन. “खुर्चीत बसून फॉर्म करू नका, पायानं करा,” असा त्यांचा हुकूम होता. पायानं फॉर्म करायचा म्हणजे सोनवणेबाईंच्या मागून पळायचं. त्या चालत नसत, सुटत असत. रिक्षातल्या माणसांनाही त्या हडपसर गाडीतळाच्या चौकात मागे टाकत.

घरात शिरल्यावर त्या आधी पेशंटकडे जात नसत. ओट्याकडे नजर टाकायच्या. मग उशाशी ठेवलेल्या बाटलीतलं पाणी किती कमी झालंय ते बघायच्या. मग बसायच्या. “कसं वाटतंय?” हा प्रश्न त्यांनी कधी विचारलेला मी ऐकला नाही. मी कारण विचारलं, तर म्हणाल्या, “कसं वाटतंय म्हटलं की माणूस बरं आहे म्हणतो. सवय असते. आज काय खाल्लंत विचारलं की खोटं बोलायला वेळ लागतो.” पिशवीत बीपीचं मशीन, हातमोजे, कापूस, कात्री आणि स्वतःचा स्टीलचा पेला. पाणी मागितलं की लोक चहा टाकतात आणि चहा टाकला की दूध संपतं, म्हणून पाणी त्या नळावरून स्वतः घेत.

लिहिण्याच्या बाबतीत मात्र त्यांचा हात सैल होता. माझ्या ॲपमध्ये सगळ्या प्रश्नांना तयार उत्तरं होती, बोट लावायचं आणि पुढे जायचं. शेवटी एक रकाना होता, ‘इतर’. तो मी केवळ रीत म्हणून ठेवला होता. तेरा जणी त्यात ‘ठीक’ लिहीत किंवा काहीच लिहीत नसत. सोनवणेबाईंची खरी नोंद तिथं सुरू व्हायची. ‘पेशंटपेक्षा सुनेचं बीपी जास्त. चार रात्री झोप नाही. तिला आधी झोपवा.’ ‘आजोबा गोळ्या घेतात असं म्हणतात. गोळ्या कुंडीत सापडल्या. जास्वंद जोरात आहे.’ ‘मुलगा सेवा करतो, बोलत नाही. बोलला असता तर सेवा कमी चालली असती.’

हे वाचायची मला चटक लागली. सकाळी ऑफिसात आलो की पेपरच्या आधी मी सोनवणेबाई उघडायचो.

कधी त्या टाइप करत, कधी पाटीला तोंडी सांगत. पाटीचं मराठी तेव्हा यथातथाच होतं. ‘कॅथेटर बदलला’ असं त्यांनी सांगितलं, ते ‘थिएटर बदललं’ असं उमटलं, आणि ते तसंच तिमाही अहवालात गेलं. कंपनीच्या एका अधिकाऱ्यानं फोन करून, रुग्णांच्या करमणुकीवरही आपण लक्ष देता हे पाहून आनंद झाला, असं कळवलं. मी ही गोष्ट सोनवणेबाईंना सांगितली. त्या गंभीरपणे म्हणाल्या, “मग पुढच्या वेळी पॉपकॉर्न पण मागा.”

‘इतर’च्या रकान्यात एकशेवीस अक्षरं मावत. सोनवणेबाईंचं वाक्य तिथं तुटायचं. त्यांनी मला न विचारता त्यावर उपाय काढला. अक्षरं संपली की त्या भेट जतन करत, त्याच पेशंटची नवी भेट उघडत आणि वाक्य पुढे चालू. मला याचा पत्ता नव्हता. तिमाहीच्या शेवटी पडद्यावर आकडे आले तेव्हा बाकीच्या जणी दिवसाला पाच-सहा घरं करत होत्या आणि सोनवणेबाई एकोणीस. कंपनी हरखली. प्रमाणपत्र छापलं, पुष्पगुच्छ आणला, सगळ्यांना हडपसरहून बोलावलं. नाव पुकारल्यावर सोनवणेबाई उठल्या, पुढे आल्या, प्रमाणपत्र वाचलं, आणि टेबलावर परत ठेवलं.

“यात चूक आहे. मी पाचच घरं करते.”

“मग एकोणीस भेटी?” मॅडमनी माझ्याकडे बघत विचारलं.

“पाच भेटी आहेत. बाकीची चौदा माझी वाक्यं आहेत.”

पुष्पगुच्छ शेवटी मॅडमच्या टेबलावर सुकला. मी रकाना दोन हजार अक्षरांचा केला.

आता आपटेकाकांबद्दल सांगायला हवं. ते जन्मभर एका छापखान्यात मुद्रितं तपासत होते, राहायला माझ्याच पेठेत. म्हातारपणी मुलाबरोबर हडपसरच्या एका सोसायटीत सातव्या मजल्यावर जावं लागलं आणि वर्षभरात अर्धांगवायूनं उजवी बाजू गेली. बोलणं मात्र शाबूत, किंबहुना सगळी ताकद तिथंच गोळा झालेली. सोनवणेबाईंचं आणि त्यांचं रोज वाजायचं. काका म्हणत, “तुम्ही येता त्या दिवशी माझं बीपी वाढतं.” बाई म्हणत, “वाढायलाच पाहिजे. मी नाही आले तर मोजणार कोण?”

माझ्या ॲपमध्ये भेटीच्या शेवटी दोन बटणं शेजारीशेजारी होती. एक ‘भेट बंद’, एक ‘केस बंद’. ही अक्कल माझी. एका दुपारी लिफ्टमध्ये उभ्या उभ्या सोनवणेबाईंचं बोट दुसऱ्या बटणावर पडलं. कारण विचारणारी यादी उघडली, त्यात पहिलं कारण आपोआप निवडलेलं होतं, ‘मृत्यू’. त्यांनी पुढे दाबलं. त्यासरशी ॲपनं, तेही मीच शिकवलेलं, घरच्यांच्या मोबाइलवर शोकसंदेश पाठवला. घरच्यांचा म्हणून नोंदवलेला मोबाइल काकांच्याच उशाशी होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ऑफिसचा फोन मी उचलला.

“मी आपटे बोलतोय. कालपासून मयत.”

मला कळेना.

“तुमचा संदेश मिळाला. आपल्या दुःखात संस्था सहभागी आहे, वगैरे. भावना पोचल्या. पण ‘दुःखात’ मधला विसर्ग खाल्लाय तुम्ही. माणूस गेल्यावर निदान विसर्ग तरी ठेवा.”

मी माफी मागत राहिलो, ते फोन ठेवेनात. शेवटी सोनवणेबाईंना घेऊन मी स्वतः हडपसरला गेलो. बाईंचा चेहरा उतरलेला होता. इतके महिने रोज घरी जाऊन जपलेल्या माणसाला आपण एका बोटानं मारलं, हे त्यांच्या मनातून जाईना. काका मात्र उशांना टेकून, दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून आमची वाटच बघत होते. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांच्याकडे इतक्या घडामोडींचा एकही दिवस आला नसावा.

अडचण अशी की बंद झालेली केस उघडायची सोय मी ॲपमध्ये ठेवली नव्हती. माणूस परत येईल हे माझ्या डोक्यातच नव्हतं. काकांची नवीन नोंद करावी लागणार होती. बाईंनी खालमानेनं पाटी उघडली.

“नाव?”

“तेच.”

“जन्मतारीख?”

“कालची लिहा.”

तेव्हा बाई पहिल्यांदा हसल्या. आणि मग काकांनी हात पुढे केला, डावा. “जुनी नोंद दाखवा. माझ्या मृत्यूपर्यंत माझ्याबद्दल काय काय लिहिलंत ते मला वाचायचंय.”

मी म्हणणार होतो की तसा नियम नाही. सोनवणेबाईंनी माझ्याकडे बघितलंही नाही. पाटी काकांच्या मांडीवर ठेवली आणि चष्मा त्यांच्या नाकावर बसवून दिला. काका पाऊण तास वाचत होते. अध्येमध्ये ‘हं’ म्हणत होते. एका ठिकाणी थांबले.

“‘स्वभाव चिडचिडा.’ हे कोण ठरवणार?”

“मी ठरवलं.”

“खोडा.”

“बरं, खोडते. काय लिहू?”

“काटेकोर.”

बाईंनी लिहिलं आणि वाचून दाखवलं, “काटेकोर. कंसात, स्वतःच्या मते.” काकांनी थोडा विचार केला आणि मंजुरी दिली. निघताना त्यांनी आणखी सात शुद्धलेखनाच्या चुका सांगितल्या. त्यांतल्या पाच माझ्या तयार प्रश्नांमध्ये होत्या.

त्या दिवसापासून सोनवणेबाई प्रत्येक घरी, नोंद जतन करण्याआधी ती पेशंटला वाचून दाखवायला लागल्या. ज्याला कळत नव्हतं त्यालाही. एका आजींना काही ऐकू येत नसे; त्यांच्यापुढे पाटी धरून त्या मोठ्यानं वाचत आणि आजी शेवटी मान डोलवत. लोक दुरुस्त्या सांगत. ‘जेवण कमी’ नव्हे, ‘जेवण बेचव’. ‘मुलगा लक्ष देत नाही’ यावर एक बाई रडली आणि म्हणाली, तसं लिहू नका, तो रात्रपाळीला जातो. बाईंनी तसं लिहिलं.

आपटेकाका पुढच्या वर्षी खरोखर गेले. तोवर शोकसंदेश मी काढून टाकला होता. सोनवणेबाईंचा फोन आला. “सर, आपटेकाकांची केस बंद करतेय. आता खरंच.” मी समोरचा पेपर बाजूला ठेवला. “तुम्हाला सांगून दाबावं वाटलं,” म्हणाल्या आणि फोन ठेवला.

वाचून दाखवण्यामुळे भेटी लांबल्या. पडद्यावर पंचवीस मिनिटांच्या पुढची भेट लाल दिसायची. सोनवणेबाईंची रांग वरपासून खालपर्यंत लाल. मॅडम कानाडोळा करत होत्या. पण त्याच सुमारास दुसरी एक गोष्ट झाली, तिच्याकडे कुणाला कानाडोळा करता आला नाही.

सोनवणेबाईंनी एक नवी पेशंट नोंदवली. तरुण बाई, घरी सासू आणि दोन मुलं. बाकी सगळं नीट भरलेलं, पण ‘आजार’ या सक्तीच्या रकान्यात त्यांनी ‘इतर’ निवडलं होतं. मी फोन केला.

“बाई, इतर म्हणजे काय?”

“इतर म्हणजे तुम्हाला सांगायचं नाही ते.”

“पण मग तिला औषधांची पेटी मंजूर होणार नाही.”

“माहीत आहे मला.”

प्रकरण वाढत गेलं. आढाव्याच्या बैठकीला कंपनीचे एक साहेब आले. त्यांनी भिंतीवर लाल रांगा दाखवल्या, मग तो एक ‘इतर’ दाखवला. माणूस उद्धट नव्हता. समजावून सांगत होता की माहिती पूर्ण नसेल तर निधी देणं अवघड होतं. सोनवणेबाई उभ्या राहिल्या. त्या दिवशी टोमणा नव्हता.

“तिला काय झालंय ते मला माहीत आहे, तिच्या डॉक्टरांना माहीत आहे. तिनं मला विचारलं, ताई, हे लिहिलं तर कुठं कुठं दिसेल? मी म्हटलं, आमच्या चौदा पाट्यांवर आणि ऑफिसात. तिच्या सासूची भाची याच चौदांत आहे. ती म्हणाली, मग नको.”

“पण तो रकाना अनिवार्य आहे, बाई.”

“हो. म्हणून तर उभी आहे.”

“मग काय करायचं आपण?”

त्यांनी पिशवीतून पाटी काढली, पदरानं तिची काच पुसली, टेबलावर ठेवली. गळ्यातलं ओळखपत्र तिच्यावर. “रकाना काढता येत नसेल तर माझं नाव काढा,” म्हणाल्या आणि जिना उतरून गेल्या. बैठक आणखी तासभर चालली. कशावर ते मला आठवत नाही.

दोन आठवड्यांनी मॅडमनी मला त्यांच्या घरी पाठवलं. हडपसरच्या जुन्या वस्तीत दोन खोल्या. गल्लीच्या तोंडाशीच मी नाव विचारलं, तर तीन माणसं दाखवायला निघाली. दारावरून जाणारा एक जण “जयभीम ताई, आईनं डोळे उघडलेत आज” असं सांगून गेला, त्यावरून नाव काढलेल्या सोनवणेबाई दोन आठवडे काय करत होत्या ते कळलं. त्यांच्या घरात एक मुलगी आहे, बँकेत नोकरी करते, एवढंच मला ठाऊक होतं. बाकी त्यांनी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी चहा गाळता गाळता त्यांनी वडिलांची गोष्ट सांगितली.

वडील अकोल्याकडून इथल्या एका कारखान्यात लागलेले. अक्षरओळख नाही. एकदा आजारपणाच्या रजेचा अर्ज म्हणून मुकादमानं एका कागदावर त्यांचा अंगठा घेतला. तो राजीनामा होता. “त्यानंतर घरात आलेला एकही कागद बाबांनी वाचून घेतल्याशिवाय ठेवला नाही. मी तिसरीत. विजेचं बिल, लग्नपत्रिका, औषधाच्या बाटलीतला तो बारीक अक्षरांचा कागद, शेंगदाण्याची पुडी, सगळं वाचायला लावायचे. आणि ऐकून झाल्यावर म्हणायचे, आता माझ्याबद्दल यात काय आहे ते सांग. पुडीत काय असणार त्यांच्याबद्दल? पण विचारायचे.”

चहाची कपबशी माझ्यापुढे ठेवून त्या समोर बसल्या.

मी विचारलं, “काय केलं म्हणजे तुम्ही परत याल?”

“बाकीच्या तेरा पाट्यांवर ती दिसायला नको. फक्त माझ्या. आणि आजार काय ते मॅडमशिवाय कुणाला दिसायला नको, तुम्हालाही नाही.”

“एवढंच?”

“एवढंच. मोठं काम आहे का?”

मोठं काम नव्हतं. दोन दिवसांचं होतं. परतीच्या बसमध्ये बसल्या बसल्याच मला ते कसं करायचं हे दिसायला लागलं होतं, आणि तेच मला लागलं. दीड वर्षं शेकडो माणसांची दुखणी मी चौदा पाट्यांवर उघडी ठेवली होती. कुणी विचारलं नाही म्हणून. दोन्ही रात्री मला नीट झोप लागली नाही.

मॅडमनी कंपनीला पत्र लिहिलं. त्यात काय लिहिलं ते मला दाखवलं नाही, पण मेट्रनच्या आवाजातलं असावं, कारण उत्तर लगेच आणि नम्र आलं. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी सोनवणेबाई ऑफिसात आल्या. थेट पाटी घेतली नाही. येताना त्या चौदांतल्याच रेखाला, तिची पाटी घेऊन, बरोबर आणलं होतं. रेखाच्या पाटीवर त्यांनी त्या बाईला शोधायला सुरुवात केली. नावानं, आडनावानं, गल्लीनं, मुलांच्या नावानं, उलट, सुलट. मी समोर परीक्षेच्या विद्यार्थ्यासारखा बसलो होतो. रेखा दोनदा चहा प्यायली. तासाभरानं त्यांनी पाटी खाली ठेवली.

“नाही सापडली.”

मी श्वास सोडला.

“छान. मग द्या माझी पाटी.” आणि माझ्याकडे पाठ करून त्यांनी पासवर्ड टाकला.

औषधांची पेटी त्याच आठवड्यात गेली. ती बाई पुढे बरीच सावरली, कामालाही लागली असं मी ऐकलं. आजाराचं नाव मला अजून माहीत नाही.

साठी पूर्ण झाल्यावर संस्थेच्या नियमानं सोनवणेबाई थांबल्या. गुडघेही कुरकुरत होते. निरोपाच्या दिवशी बाकीच्या जणी रडल्या. यांनी भाषणाला उभं राहून सांगितलं की पाटीचा चार्जर वाकडा धरला तरच चालतो, पुढच्या मुलीला सांगून ठेवा. आणि बसल्या. त्यानंतर सकाळी ऑफिसात आल्यावर मी पेपर आधी वाचायला लागलो.

मागच्या हिवाळ्यात एका रविवारी मी हडपसरला गेलो होतो, लांबच्या नात्यातल्या एका घरी. दुपारचं जेवून परतीच्या बसकडे निघालो. रस्ता चुकून एका अरुंद गल्लीत शिरलो. गल्लीत कोवळं ऊन होतं. एका दाराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीत एक खूप म्हातारी बाई शालीत गुंडाळून बसलेली, आणि तिच्यासमोर पायरीवर सोनवणेबाई. म्हातारीचं पाऊल त्यांच्या मांडीवर होतं. गरम पाण्याची बादली शेजारी. पाण्यात भिजवून मऊ केलेली जाड नखं त्या एकेक करून कापत होत्या, नाकावर चष्मा सरकलेला, जीभ किंचित बाहेर.

मी आनंदानं हाक मारणार, तेवढ्यात त्यांनी मान वर केली. मला ओळखलं. डोळे हसले, आणि बोट ओठांवर गेलं. त्यांनी हनुवटीनं खुणावलं. म्हातारीला उन्हात झोप लागली होती, तोंड किंचित उघडं.

मी चपला न वाजवता मागे फिरलो. गल्लीच्या वळणावरून एकदा पाहिलं. सोनवणेबाईंनी नखं कापून झालेलं पाऊल टॉवेलानं टिपून हळूच खाली ठेवलं होतं आणि दोन्ही हातांनी, तिला जाग येऊ न देता, दुसरं मांडीवर घेत होत्या.